हे आपल्या आंगात नाई बनत काय?

दिवाळीच्या चार दिवस आधी ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना होता. रिसोड तालुक्यातल्या आमच्या घरी तिची बॅग उघडली तेव्हा फाइल, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम आणि एक नवीन डबी निघाली. आईने ती माझ्याकडे दिली. "वाच बरं, काय हाय हे?"

मी वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की कॅप्सूलमधलं तेल माशाचं आहे.

आमची आई माळकरी. तिने काही न बोलता डबी उचलली आणि ओट्यावर, उंबऱ्याच्या बाहेर नेऊन ठेवली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टरनं बाळासाठी देलं व माय," एवढंच ती म्हणाली. घरात कुणी कुणावर ओरडलं नाही, पण सणाच्या घरात जी शांतता नको असते ती पसरली.

मग भिंतीला टेकून बसलेल्या आजीने मला विचारलं, "काऊन देते रे हे?"

"त्याच्यात डीएचए असते, आजी. बाळाच्या मेंदूले अन् डोयाले लागते."

"मंग हे आपल्या आंगात नाई बनत काय?"

मी पुण्यात बायोकेमिस्ट्रीत एमएससी केलं. परीक्षेत हीच साखळी काढून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. तरी आजीला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. "बनते," मी म्हणालो, "पण..."

"पण काय?"

हा लेख म्हणजे तो 'पण'. त्यात मिनेसोटातले उंदीर आहेत, वऱ्हाडातलं जवस आहे आणि पुण्यातली २३४ माणसं आहेत.

माळ आणि तिचे बाक

तेल असो, तूप असो की आपल्या पेशींभोवतीचं आवरण, या सगळ्यांत फॅटी अॅसिड असतात. फॅटी अॅसिड म्हणजे कार्बनच्या मण्यांची माळ. आपल्या गोष्टीतली माळ अठरा मण्यांची आहे. प्रत्येक मण्याला हायड्रोजन चिकटलेले असतात. सगळ्या जागा हायड्रोजनने भरलेल्या असतील तर माळ सरळ काठीसारखी राहते. अशा काठ्या एकमेकींना लगटून बसतात, म्हणून तूप थंडीत थिजतं.

शेजारशेजारच्या दोन मण्यांवरचा एकेक हायड्रोजन काढून घेतला, तर त्या मण्यांमध्ये दुहेरी बंध तयार होतो आणि माळेला तिथे बाक येतो. बाक आलेल्या माळा नीट रचून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. एकापेक्षा जास्त बाक असतील तर ते 'पॉलीअनसॅच्युरेटेड', म्हणजे बहुअसंतृप्त. पेशीचं आवरण लवचीक राहायला हे बाक लागतात. मेंदूच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या पेशींना तर जास्तच. डीएचएची माळ बावीस मण्यांची आणि तिला सहा बाक.

हायड्रोजन काढणं सोपं नाही. हे काम करणाऱ्या एन्झाइमला, शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत विकराला, डीसॅच्युरेज म्हणतात. त्याच्या पोटात लोखंडाचे दोन अणू असतात. ते हवेतला ऑक्सिजन धरतात, त्याच्या जोरावर माळेवरचे दोन हायड्रोजन ओढून घेतात आणि शेवटी पाणी तयार होतं. ऑक्सिजनशिवाय हे काम होत नाही, हे हार्वर्डमध्ये कोनराड ब्लॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास यीस्टवर दाखवलं. हवा बंद केली की यीस्टला असे बाक घालताच येईनात. ब्लॉख यांना पुढे १९६४ साली नोबेल मिळालं.

प्रत्येक डीसॅच्युरेजची जागा ठरलेली असते. एक एन्झाइम नवव्याच मण्यावर बाक घालतं, दुसरं बाराव्याच, तिसरं पंधराव्याच. आजीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच आहे. नवव्या मण्यावरचा बाक आपलं शरीर घालू शकतं. त्याच्या पुढचे, बाराव्या आणि पंधराव्या मण्यावरचे, आपल्याला घालता येत नाहीत. ती एन्झाइमं आपल्याकडे नाहीतच. वनस्पतींकडे आहेत.

उंदराची शेपटी आणि करडीचं तेल

हे माणसाला कळलं कसं? शंभर वर्षांपूर्वी समज असा होता, की स्निग्ध पदार्थ म्हणजे फक्त इंधन. ते नाही मिळाले तर शरीर साखरेपासून चरबी बनवून घेईल.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना साखर, प्रथिनं, जीवनसत्त्वं असं सगळं दिलं, फक्त स्निग्ध पदार्थाचा कणही दिला नाही. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांची झाली, शेपट्या खराब झाल्या. हा नवा रोग त्यांनी १९२९ साली जाहीर केला. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की दोन बाक असलेलं लिनोलेइक अॅसिड दिलं तर उंदीर बरे होतात. 'आवश्यक फॅटी अॅसिड' हा शब्द तिथून आला. आवश्यक म्हणजे शरीराला लागतं, पण बनवता येत नाही, ते खाऊनच मिळवायचं.

तीन बाकांचं अल्फा-लिनोलेनिक अॅसिड माणसालाही लागतं, हे कळायला मात्र आणखी पन्नास वर्षं गेली. ते कळलं एका सहा वर्षांच्या मुलीमुळे. पोटात गोळी लागल्याने अमेरिकेतल्या या मुलीचं बरंचसं आतडं काढावं लागलं होतं. काही महिने तिला सगळं अन्न शिरेतूनच दिलं गेलं. त्यातलं तेल करडीचं होतं. करडीच्या तेलात लिनोलेइक भरपूर, सुमारे तीन चतुर्थांश, पण अल्फा-लिनोलेनिक जवळपास शून्य. तिचे पाय बधिर व्हायला लागले, चालता येईना, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं. करडीऐवजी सोयाबीनचं तेल सुरू केलं आणि ही लक्षणं गेली. कारण सोयाबीनच्या तेलात सात टक्क्यांच्या आसपास का होईना, अल्फा-लिनोलेनिक असतं. १९८२ साली हा निष्कर्ष मांडणारे राल्फ होलमन हे त्याच बर यांचे विद्यार्थी.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रयोगशाळेच्या आधी आमचं शेत आठवलं. करडी आणि सोयाबीन, दोन्ही आमच्या धुऱ्याच्या आतली पिकं. घरात मात्र दोन्ही म्हणजे नुसतं 'तेल'.

इथेच एक शब्द सोडवून घेऊ. माळेच्या शेपटाकडून मोजत आलं आणि पहिला बाक तिसऱ्या मण्यावर भेटला तर ते ओमेगा-३. सहाव्यावर भेटला तर ओमेगा-६. जवसातलं अल्फा-लिनोलेनिक ओमेगा-३, करडीतलं लिनोलेइक ओमेगा-६. आपलं शरीर सहाचं तीन करू शकत नाही. ते बाराव्या-पंधराव्या मण्याचं काम झाडाने केलेलं असावं लागतं.

निळ्या फुलांचं पीक

आजीच्या लहानपणी आमच्याकडे रब्बीत हरभऱ्याबरोबर जवसाचे तास असायचे. सकाळी निळी फुलं उमलायची आणि दुपारपर्यंत गळायची. तेल घाण्यावरून यायचं, चटणी उखळात कुटली जायची.

इंग्रजांच्या काळात वाशिमची नोंद 'बाशिम' अशी होती. वऱ्हाडातला तो स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला, आणि १ जुलै १९९८ला अकोल्यातून पुन्हा वाशिम जिल्हा निघाला. त्या जुन्या काळात वऱ्हाडातून बाहेर जाणारं नाव घेण्यासारखं पीक म्हणजे कापूस. पण मुंबई बंदरातून युरोपला जवसही जात होतं, आणि ते खाण्यासाठी नव्हतं. रंगासाठी, वॉर्निशसाठी आणि लिनोलियमसाठी होतं. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचं हे आच्छादन केलं. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल.

जवसाचं तेल हवेत वाळून कडक पापुद्रा धरतं. कारण तेच, तिसरा बाक. दोन बाकांच्या मधल्या मण्यावर हवेतला ऑक्सिजन सहज हल्ला करतो आणि माळा एकमेकींना जोडल्या जातात. रंगाला हे हवं असतं, स्वयंपाकघराला नको असतं. जवसाचं तेल लवकर खवट होतं ते याचमुळे. एन्झाइमने ऑक्सिजन वापरून जो बाक घातला, तोच बाक पुढे ऑक्सिजन मोडतो.

हा तिसरा बाक घालणाऱ्या एन्झाइमचं नाव फॅड३. त्याचं जनुक १९९२ साली मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपात सापडलं. त्याआधीच ऑस्ट्रेलियात अॅलन ग्रीन यांनी हे काम जवळपास बंद पडलेलं जवस तयार केलं होतं, म्हणजे खाद्यतेल टिकावं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असं कमी लिनोलेनिकचं जवस काढलं. म्हणजे जगाने एकीकडे तिसरा बाक बंद करायला मेहनत घेतली आणि दुसरीकडे तोच कॅप्सूलमध्ये भरून विकायला घेतला.

आपल्याकडे जवसाचं संशोधन नागपूरच्या कृषी महाविद्यालयात अनेक वर्षं चाललं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तिथल्या शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दाणा भरत असताना नववा, बारावा आणि पंधरावा बाक घालणारी जनुकं किती कामाला लागतात, हे त्यांनी वेगवेगळ्या वाणांत मोजलं. एका वाणात अल्फा-लिनोलेनिक जास्त आणि दुसऱ्यात कमी का, याचं बरंचसं उत्तर या तीन जनुकांच्या कमीजास्त हालचालीत होतं. शिवाय दाणा भरताना थंडी असली की तिसरा बाक वाढतो. झाडालाही गारठ्यात आपली आवरणं लवचीक ठेवायची असतात. म्हणजे वऱ्हाडातली पौषाची रात्र आजीच्या चटणीत उतरत होती.

उरलेलं काम आपलं

जवसाच्या तेलात निम्म्याहून थोडं जास्त अल्फा-लिनोलेनिक. पण ते डीएचए नाही. अठरा मणी आणि तीन बाक यांचे बावीस मणी आणि सहा बाक करायचे, तर ते काम आपल्या यकृताचं.

आधी फॅड्स२ हे जनुक बनवतं ते एन्झाइम सहाव्या मण्यावर बाक घालतं. मग दुसरं एक एन्झाइम माळेला दोन मणी जोडतं. मग फॅड्स१चं एन्झाइम पाचव्या मण्यावर बाक घालतं. आता वीस मणी, पाच बाक. हे झालं ईपीए. पुढे दोन मणी जोडायचे आणि चौथ्या मण्यावर एक बाक घालायचा, की डीएचए तयार. बरीच वर्षं शास्त्रज्ञ असंच धरून चालले होते. अमेरिकेत हॉवर्ड स्प्रेचर यांच्या गटाने १९९१ साली उंदराच्या यकृतात पाहिलं तर रस्ता वळसा घालून जात होता. माळ चोवीस मण्यांपर्यंत वाढवली जाते, मग फॅड्स२चं एन्झाइम पुन्हा एकदा बाक घालतं, आणि मग माळ पेशीतल्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन तिथे दोन मणी कापले जातात. पाटलाच्या वाड्यावर जायला आधी नदीपर्यंत जाऊन परत यावं, तसं.

या वळशात दोन अडचणी आहेत. एक, फॅड्स२चं एन्झाइम दोनदा लागतं. दोन, ओमेगा-६च्या माळाही त्याच एन्झाइमच्या दारात उभ्या असतात. रांग एकच. करडी, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलातलं लिनोलेइक भरमसाट आलं, तर जवसाच्या माळांना नंबर उशिरा लागतो. म्हणून बहुतेक मोजमापांत जवसापासून डीएचए बनतं, पण थोडंच. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला २००२ साली झालेल्या अभ्यासात मात्र तरुण स्त्रियांमध्ये हे रूपांतर पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसलं. जिच्या पोटात दुसऱ्याचा मेंदू घडायचा आहे, तिचं यकृत थोडं जास्त राबतं.

आणि मासा? मासाही बहुतांशी स्वतः डीएचए बनवत नाही. समुद्रातली सूक्ष्म शेवाळं बनवतात, ती लहान जीव खातात, त्यांना मासे खातात. माशाचं तेल म्हणजे शेवाळाचीच कमाई, मधल्या दलालांकडून आलेली.

पुण्यातले २३४ जण

ताईच्या डबीवरून घरात बोलणं चाललं असताना काकांनी व्हॉट्सअॅपवर एक बातमी पाठवली. शाकाहाराने म्हणे माणसाची जनुकं बदलतात आणि कॅन्सर होतो. २०१६ सालची जुनी बातमी पुन्हा फिरत होती. तिच्या मुळाशी जो अभ्यास आहे, तो पुण्याच्या माणसांवरचा आहे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले टॉम ब्रेना आणि कुमार कोठापल्ली यांच्या गटाने पुण्याच्या कल्पना जोशी यांच्यासह हे काम केलं. मुख्यतः शाकाहारी असलेले पुण्यातले २३४ जण आणि अमेरिकेतले ३११ जण, यांच्या फॅड्स२ जनुकातली एक जागा त्यांनी तपासली. तिथे काही जणांत २२ अक्षरांचा एक तुकडा असतो, काहींत नसतो. तो असेल तर शरीर या साखळीवर जास्त जोमाने काम करतं. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून हा तुकडा आलेले लोक पुण्याच्या गटात ६८ टक्के निघाले, अमेरिकन गटात १८ टक्के. मांसाहारातून तयार लांब माळा मिळत नसतील, तर त्या घरी बनवणाऱ्यांची वंशवेल पिढ्यान्‌पिढ्या जास्त टिकली असावी, असा त्यांचा अंदाज. त्याच्या आदल्या वर्षी ग्रीनलंडच्या इनुइट लोकांतही याच जनुकांच्या पट्ट्यात निवडीच्या खुणा सापडल्या होत्या. तिथलं अन्न समुद्रातलं, त्यामुळे दिशा वेगळी.

बातमीने हे उलटं केलं. शाकाहार करून कुणाचं जनुक बदलत नाही. हा तुकडा आफ्रिकेतही निम्म्याहून अधिक लोकांत दुहेरी सापडतो, आणि तिथे सगळे काही शाकाहारी नाहीत. भाजी खाल्ल्याने कॅन्सर होतो असंही तो अभ्यास दाखवत नाही. तो सांगतो ते आपल्या फोडणीबद्दल आहे. ज्यांची साखळी जोमात चालते, त्यांच्यात ओमेगा-६पासून अॅरॅकिडॉनिक अॅसिडही जोमात बनतं. ते लागतंच, पण शरीरात दाह पेटवणारे रेणूही त्याच्यापासूनच तयार होतात. अशा शरीरात तेलाचा समतोल सांभाळावा, असं संशोधकांचं म्हणणं.

हे वाचून मी आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. आजीच्या पिढीत तेल जपून वापरलं जायचं आणि जवस रोज ताटात असायचं. नव्वदच्या दशकानंतर खरिपात सोयाबीन आलं, जबलपूरचं जेएस ३३५ घरोघरी पेरलं गेलं, त्यामागे रब्बीत हरभरा. जवसाचे तास गेले, गावातले घाणे बंद पडले, आणि तेल पिशवीतून यायला लागलं, हवं तितकं. सोयाबीनने घरं उभी केली, ताईचं आणि माझं शिक्षण केलं. त्याला दोष देणं कृतघ्नपणा होईल. पण काटकसरीत तयार झालेलं शरीर आता भरल्या कढईसमोर बसलं आहे, हेही खरं.

चार तास

डबीचा प्रश्न तसा सहज सुटला. ताईने डॉक्टरांना फोन करून सांगितलं, की घरात मासळीचं चालत नाही. त्यांनी शेवाळापासून बनवलेलं डीएचए लिहून दिलं. मी आईला मासा आणि शेवाळाची गोष्ट सांगितली. तिने नवी डबी देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली.

त्याच आठवड्यात बाबांबरोबर वाशिमच्या बाजार समितीत गेलो. तिथे आता चियाची खरेदी होते. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात रब्बीत चिया बरंच पेरलं जातं. रोही आणि डुक्कर त्याला तोंड लावत नाहीत, असं शेतकरी सांगतात, आणि आमच्याकडे तेवढं कारण पुरतं. चियाच्या तेलात साठ टक्क्यांच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक असतं. मूळ मेक्सिकोकडचं हे पीक तुळशीच्या कुळातलं. म्हणजे आईच्या गळ्यातल्या माळेचं नातेवाईक. मूठभर बी आजीच्या हातावर ठेवलं तर तिने ते पाण्यात टाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा त सब्जाच हाय." फार चुकली नाही, सब्जाही त्याच कुळातला.

पेरतात इथे, पण आमच्या ओळखीत ते खाणारं घर नाही. जवस एकेकाळी रंगासाठी विलायतेला जायचं, चिया आता शहरातल्या दुकानांत जातं.

आजीने मात्र प्रश्न सोडला नव्हता. मी तिला शेवटी असं सांगितलं: "अर्धं झाड बनवते, अर्धं आपण. झाडानं त्याचं अर्धं नाई देलं त आपल्याले काईच करता येत नाई."

तिने थोडा विचार केला. "मंग झाडाले सोडून काऊन बसले तुमी?"

याचं उत्तर मी दिलं नाही. बाबांनी दिलं. हरभऱ्याची पेरणी चालूच होती. किराणा दुकानातून आणलेल्या जवसाचे त्यांनी चार तास टाकले. आजीने उरलेलं जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजलं, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कुटलं. अख्खा दाणा पचत नाही, तसाच बाहेर पडतो, आणि कच्च्या जवसातली थोडी विषारी द्रव्यं भाजल्याने कमी होतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिने वाचलं नव्हतं. ताईला रोज किती खाऊ द्यायची, तेवढं मात्र तिने डॉक्टरांना विचारायला लावलं.

भाची जानेवारीत झाली. तिच्या मेंदूतलं किती डीएचए कॅप्सूलमधलं, किती चटणीतलं आणि किती ताईच्या यकृताने वळसा घालून बनवलेलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. बाराव्या दिवशी मी शेतात गेलो तेव्हा जवस फुलावर होतं. ऊन चढायच्या आत फोटो काढून ताईला पाठवला, कारण दुपारी फुलं राहत नाहीत.